प्रसादात काय आहे, ते विचारायचं नसतं

आमच्या घरात शेंगदाण्याचं नाव घेत नसत. ‘ते’ म्हणायचं. आमटीत ‘ते’ नाही ना, पाहुण्यांनी ‘ते’ आणलं नाही ना, लग्नात ‘ते’ असणारच, तर हिला घरूनच जेवू घालून नेऊ. काष्टीसारख्या गावात, जिथं वांग्याच्या भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट आणि उपवासाला तर निव्वळ कूटच, तिथं हा नियम चालवणं सोपं नव्हतं. तो चालवला माझ्या मोठीआईनं. मोठीआई म्हणजे माझी थोरली चुलती. काका लवकर गेले, तिला मूलबाळ नव्हतं, आणि स्वयंपाकघर तिचं होतं. मी नुकती चालायला लागले होते तेव्हा एका शेजारणीनं कौतुकानं लाडवाचा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि घटकाभरात माझा चेहरा पुरीसारखा फुगला, श्वास लागला. दवाखान्यात नेईपर्यंत मी काळीनिळी पडले होते असं मोठीआई सांगायची, आणि सांगताना दर वेळी माझा दंड घट्ट धरायची. त्या दिवशी घरी येऊन तिनं शेंगदाण्याचा डबा उचलला आणि उकिरड्यावर रिता केला. पुढं ती कारळं, तीळ, खोबरं असलं काहीबाही भाजून कुटायची आणि कुरकुरायची, “कुटाबिगर भाजीला अंगच येत न्हाई बघ.” पण तिनं तो डबा पुन्हा भरला नाही.

आत्मकथन लिहायचं तुझं वय आहे का, असं माझा नवरा परवा हसून म्हणाला. नसेल. पण आई सध्या माझ्याकडे संगमनेरला आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, आणि ती पलंगावर आणि मी खुर्चीवर अशा संध्याकाळी बसलो की मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून लिहितेय.

आई मूळची संगमनेरचीच. सायन्स घेऊन शिकलेली. लग्न होऊन काष्टीला आली ती पप्पांच्या डेअरीच्या घरात, जिथं पहाटेपासून कॅनचे आवाज आणि दुधाचा आंबूस वास. देवाधर्मावर तिचा फार जीव नव्हता. संध्याकाळी दिवा लावायची ती मोठीआईला बरं वाटावं म्हणून. मला मात्र तिनं एक गोष्ट देवाच्या वरताण शिकवली होती, ती म्हणजे विचारणं. कुणी काही दिलं की तोंडात घालण्याआधी विचारायचं, यात ते आहे का? बाईंनी वाढदिवसाचं चॉकलेट दिलं तरी विचारायचं, मामीनं वडी दिली तरी विचारायचं. लोकांना राग यायचा. येऊ दे म्हणायची. “जगात फक्त माझ्या आणि मोठीआईच्या हातचं न विचारता खायचं,” असं ती मला झोपवताना म्हणायची, आणि मी ते पाढ्यासारखं परत म्हणून दाखवायचे.

माझी एकच मैत्रीण होती, कोमल. तिच्या वडिलांची भत्त्याची गाडी होती. बाजाराच्या दिवशी त्या गाडीभोवती ही गर्दी. चुरमुरे, शेव, तळलेले शेंगदाणे, वरून कांदा. माझ्यासाठी त्या गाडीपेक्षा वाघ बरा. तरी आमची मैत्री होती, आणि ती टिकली ती कोमलमुळे. माझ्याकडे यायच्या आधी ती हात कोपरापर्यंत साबणानं धुवायची, फ्रॉक बदलायची आणि दारात उभी राहून दोन्ही तळवे मोठीआईला दाखवायची. मोठीआई वाकून ते हुंगायची आणि म्हणायची, “हं, ये.” हुंगल्याशिवाय तिनं तिला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. कोमललाही त्यात काही वाटायचं नाही. आम्हा दोघींना तो खेळच वाटायचा.

मी सहावीत असताना आई-पप्पांनी मला पुण्याला एका डॉक्टरांकडे नेलं. पिकलेल्या केसांचे, हळू बोलणारे. ते आईशी बराच वेळ इंग्रजीत बोलत होते. मला एवढंच कळलं की आता अधूनमधून तपासणीला यावं लागणार. घरी आल्यावर आईनं मोठीआईसमोर सांगितलं, येताना एका देवीच्या देवळात थांबलो, हिच्यासाठी नवस बोलले. रोज संध्याकाळी दिवा लागला की प्रसादाची गोळी खायची. खाल्ल्यावर दोन तास देवापुढून हलायचं नाही, पोथी ऐकायची. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, गरम पाण्यानं अंघोळ नाही. ताप असला तर त्या दिवशी प्रसाद नाही. मोठीआईचे डोळे भरून आले. आईनं नवस बोलावा हेच तिला इतकं मोठं वाटलं की तिनं देवीचं नावही विचारलं नाही. तिनं तिथंच हात जोडले आणि सांगितलं, “पोर बरी हुस्तोवर मी च्या सोडला.” मोठीआईचा चहा म्हणजे तुम्हाला काय सांगू. सकाळी कपभर, धारा काढून झाल्यावर कपभर, दुपारी भांडी घासल्यावर बशीत ओतून फुर्र करून कपभर. तो तिनं एका वाक्यात सोडला.

गोळी गुळाची असायची. बोराएवढी. आई ती माजघरात दार लोटून वळायची, सोवळ्यात करावी लागते म्हणून. सुंठ आणि वेलचीचा घमघमाट. आई समोर बसायची, मी आ करायचे आणि ती गोळी माझ्या जिभेवर ठेवायची. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, “यात ते...” तर मोठीआईनं माझ्या पाठीत हलकी चापट मारली. “पर्सादाला असं इचारत्यात व्हय? पाप लागंल.” आईनं गोळी पुढं केली. मग मी कधीच विचारलं नाही. घशात, जिभेला कधी कधी खाज सुटायची. “सुंठ आहे ती, झोंबते,” आई म्हणायची आणि माझ्या तोंडाकडे, गळ्याकडे, हातांकडे बघत राहायची. मला वाटायचं, काय माया आहे आईची, दोन तास नजर हलवत नाही. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा होतं, “तू विषाची गोळी दिलीस तरी मी खाईन, तू देतेस ना.” ती उठून आत गेली. मला वाटलं, भरून आलं असेल.

ते दिवस मला अजून आवडतात, हेच तर दुखणं आहे. दिव्याचा तेलकट वास, बाहेर गोठ्यात म्हशींचं रवंथ, मोठीआई पोथीतल्या ओव्या अडखळत वाचतेय, चष्मा नाकावरून घसरतोय, आणि मी तिच्या मांडीला टेकून तोंडातली गोडी घोळवतेय. गोळी हळूहळू वेगळी लागायला लागली. खमंग, तुपकट, दाट. मला ती फार आवडायला लागली. शाळा सुटताना मला त्या चवीची आठवण यायची. पुण्याला तपासणीला गेलो की तिथंही आई प्रसाद चुकवायची नाही, डबीतून गोळी काढून द्यायची. सकाळ असली तरी देवीला चालतं म्हणायची. मग एक नर्स दर थोड्या वेळानं येऊन माझ्या छातीला नळी लावायची, आणि मी भिंतीवरचं कार्टून बघत बसायचे.

आणि मग एका संध्याकाळी कालवड सुटली. दिवा लागून थोडाच वेळ झाला होता. प्रसाद खाऊन मी पोथीपुढं बसले होते, आई कॅन धुवायला मागं गेली होती. तेवढ्यात कोमल दारातून ओरडली, “सोने, तुमची कालवड रस्त्याकडं चाललीय.” आमची लाडकी कालवड होती ती, आणि रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धडाधड जायच्या. मोठीआईला पळता येत नव्हतं. मी उठले आणि पळाले. आम्ही दोघी तिच्यामागं पाटाच्या चारीच्या बांधापर्यंत पळालो, तिथून वळवून परत आणली. दावं खुंट्याला बांधताना माझे तळवे खाजायला लागले. मग कान. मग पोटात मुरडा आला, गळ्यात कुणी चिंधी कोंबावी तसं झालं आणि मी गोठ्यातच खाली बसले. आईनं मला पाहिलं आणि एक शब्द न बोलता आत जाऊन, पुण्याच्या डॉक्टरांनी जवळ ठेवायला दिलेली पर्समधली सुई आणली, फ्रॉक वर करून मांडीत टोचली. पप्पांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. श्वास मोकळा झाला, पण तिथले डॉक्टर रात्रभर ठेवून घेऊ म्हणाले.

मोठीआई कॉटच्या पायथ्याशी उभी होती. तिनं मला विचारलं, “काय खाल्लंस? खरं सांग, कुनी मारत न्हाई तुला.”

“काहीच नाही खाल्लं.”

“मग असं कसं झालं? ती भत्त्यावाल्याची पोर हुती की तुझ्यासंगं. तिनं दिलं का काय?”

“नाही गं मोठीआई. देवाशपथ नाही. आई, सांग ना हिला.”

आई माझ्या उशाशी बसली होती. माझं मनगट तिच्या हातात होतं, नाडी बघत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मोठीआईकडे बघितलं, आणि म्हणाली, “दिलं असेल. पोरं आहेत, कळत नाही त्यांना.”

हे वाक्य मी कितीदा मनात ऐकलं असेल याला गणती नाही. त्या वेळी मला त्याचा राग नाही आला, नवल वाटलं. आईला असं वाटतं म्हणजे माझं मलाच कळलं नाही की काय, कोमलच्या हाताला काही लागलं होतं की काय, असं मी स्वतःलाच विचारायला लागले. दुसऱ्या दिवशी मोठीआई तडक कोमलच्या घरी गेली. भर गल्लीत ती काय काय बोलली ते मला पुढं इतरांकडून कळलं. पोरीचा जीव घ्यायला निघाला होता का, गाडी पेटवून देईन, असलं सगळं. कोमलची आई गाडीवर हात ठेवून शपथा घेत होती. वडिलांनी सगळ्यांसमोर कोमलच्या कानाखाली वाजवली. ती रडत रडत हात पुढं करून म्हणत होती म्हणे, “हुंगा ना काकू, मी धुतलेत.”

घरी आल्यावर मी आईला एकटीला गाठून सांगितलं, माझ्या मते काय झालं ते. मी म्हटलं, “कोमलनं काही दिलं नाही. मी व्रत मोडलं. प्रसाद खाऊन पळाले, म्हणून देवी कोपली.” आईनं मला जवळ घेतलं. ती रडत होती, तिचे अश्रू माझ्या मानेवर पडले. तेव्हा ती सांगू शकली असती. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लावलेलं होतं. ती म्हणाली, “हो. म्हणून आता परत पळायचं नाही.” त्यानंतर काही दिवस गोळी हरभऱ्याएवढी झाली. देवीनं रागावून प्रसाद कमी केला असं मी समजले. गोळी परत मोठी व्हावी म्हणून मी दोन तासांचे तीन तास बसायला लागले. कोमल शाळेत बाक बदलून बसली. मी तिच्याशी बोलायला गेले की दोन्ही हात पाठीमागं धरायची.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला गेलो तेव्हा डॉक्टर खुशीत होते. त्यांनी एक पांढरी बशी माझ्यासमोर ठेवली. बशीत भाजलेले शेंगदाणे होते, सोललेले, थोडेसेच. मी खुर्चीवरून उठून मागं सरकले ती थेट भिंतीला टेकले. डॉक्टर हसले. चांगलं, मोकळं हसू होतं ते. “अगं, घाबरतेस काय? एवढे तर तू रोज खातेस. आता पावडर बंद, सरळ दाणेच खायचे.”

“मी नाही खात.”

“गुळातून खातेस ना? थोडं थोडं वाढवत आणलं की शरीर त्याच्याशी भांडायचं कमी करतं. चुकून कुठं खाल्लं गेलं तर जिवावर बेतू नये, म्हणून हा सगळा खटाटोप.” मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. ते आईकडे वळले. “ताई, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, मुलीला विश्वासात घ्या. तुम्ही घेतलंय म्हणालात. फक्त नाव काढू नका, ती घाबरते, म्हणालात.”

आई फरशीकडे बघत होती. पप्पा खिडकीबाहेर. मला आधी गोळीची ती खमंग चव आठवली. ज्या चवीची शाळेत बसून मी वाट बघायचे, ती या दाण्यांची होती. मग आईचं ते रोखून बघणं आठवलं. आणि मग, सगळ्यात शेवटी, कोमल.

एस.टी.त मी खिडकीशी बसले, आई शेजारी. पप्पा पुढच्या सीटवर होते, ते मागं वळले नाहीत. गाडी पुण्याबाहेर पडल्यावर मी विचारलं, “मी दवाखान्यात होते तेव्हा तुला माहीत होतं? कोमलनं काही दिलं नाही ते?”

“हो,” आई म्हणाली.

“लगेच?”

“तू पळालीस असं कळलं, तेव्हाच. त्या गोळीवर पळालं की ती अंगावर उलटते, डॉक्टरांनी सांगितलं होतं.” मग ती भडाभडा बोलायला लागली, एवढी कधीच बोलली नव्हती. “तुला सांगितलं असतं तर तू खाल्लं असतंस? नावानं तू ओकायचीस. मोठीआईला कळलं असतं तर तिनं तुला पदराखाली धरून ठेवलं असतं, माझ्या हाताला लागू दिलं नसतं. एखाद्या लग्नात, एखाद्या ट्रिपमध्ये तू जिवानिशी गेली असतीस म्हणजे? रोज गोळी देताना माझा जीव जायचा. मी काय करायला पाहिजे होतं, सांग.”

मी मुलीची आई आहे आता. गोळीचं मी समजू शकते, खरंच समजू शकते. पण माझ्या नाडीवर बोट ठेवून, मी खरं बोलतेय हे माहीत असताना, ती मोठीआईला म्हणाली, दिलं असेल. ते वाक्य गोळीत घालायचं नव्हतं. त्यानं मी बरी होणार नव्हते.

घरी पोचलो तेव्हा दिवा लागला होता. मोठीआईनं पोथी काढून ठेवली होती. मी तिला सगळं सांगितलं. आईनं मला थांबवलं नाही, ती दारात उभी राहिली. मोठीआईनं सगळं ऐकलं. मला वाटलं ती आता घर डोक्यावर घेईल. ती इतकंच म्हणाली, “मंजी देवी न्हवतीच?” ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि गॅस पेटवून तिनं चहा ठेवला. एकटीपुरता. साखर घातली, उकळू दिला, गाळला, बशीत ओतला. तिथंच खाली बसून प्यायली, फुर्रचा आवाज न करता. मग बशी विसळत म्हणाली, “मी कुनासाठी सोडला व्हता मग?” आई पुढं झाली, “वहिनी,” म्हणाली. मोठीआईनं हात वर करून तिला जागच्या जागी थांबवलं. पोथी तिनं फडक्यात बांधून ट्रंकेत टाकली, ती मी पुन्हा पाहिली नाही.

सकाळी मोठीआई कोमलच्या घरी गेली आणि ज्या गल्लीत ओरडली होती त्याच गल्लीत तिच्या आईच्या पाया पडली. मोठीआईहून ती बाई वयानं लहान होती. मी बरोबर होते. कोमल बाहेर आली नाही. मी आईला म्हटलं होतं, तू पण चल. आईला डेअरीत काम होतं. पुढं कितीदा म्हटलं, तिला दर वेळी काम निघालं. कोमलचं लग्न होऊन ती अकोल्याकडे गेली असं ऐकलं. मोठीआई आता नाही. तिनं शेवटपर्यंत आईच्या हातचा चहा घेतला नाही, स्वतःचा स्वतः करायची.

मी बरी झाले. झाले म्हणजे रोज ठरलेले दाणे खावे लागतात, नाहीतर शरीर पुन्हा विसरतं. पुण्याहून परत आले त्या दिवसापासून माझे दाणे मी स्वतः डब्यातून काढते, स्वतः मोजते, आणि खाल्ल्यावर स्वतःच शांत बसते. भाजी कुटाची असते माझ्या घरी. लग्नांत जेवते. बाजारात गेले की भत्ता घेते, आणि पहिला घास घशाखाली उतरायला जरा वेळ लागतो. लोक म्हणतात, किती छान, आईनं किती केलं तुझ्यासाठी. केलंच. फक्त आईच्या हातचा लाडू मी आधी फोडून बघते. तिच्यासमोर बघते. ती नजर दुसरीकडे वळवते.

ऑपरेशननंतर तिच्या गोळ्या खूप आहेत आणि तिला गोळी गिळता येत नाही, घशात अडकते. डॉक्टरांना विचारलं, तर यातल्या काही कुटून कशात तरी कालवून दिल्या तर चालतील म्हणाले. काल संध्याकाळी मी त्या खलात कुटल्या, गुळात कालवल्या, बोराएवढी गोळी वळली. कडूपणा झाकावा म्हणून वरून सुंठही घातली. खोलीत आले तेव्हा ती पलंगाला टेकून बसली होती. तिनं माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही, डोळे मिटून नुसता आ केला. मी हात तिच्या तोंडाशी नेला आणि तसाच थांबवला.

“विचार ना,” मी म्हटलं. “यात काय आहे ते विचार.”

तिनं डोळे उघडले. गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कशाला विचारू?” ती म्हणाली. “तू देतेस ना.”

मी तिला एकेक करून सगळ्या औषधांची नावं सांगितली. मगच गोळी तिच्या जिभेवर ठेवली.